शेहेचाळीस लाडू, पंचेचाळीस माणसं

गेल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत भास्करदादा माणसाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी जर्मनीत आखनला मास्टर्स करायला आलो आणि ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत त्यांना पहिल्यांदा भेटलो. "मयुरेश देवरे," मी नीट, इंटरव्ह्यूला सांगावं तसं सांगितलं. ते म्हणाले, "ते राहू दे. गाव कुठलं?" चाळीसगाव म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि माझं नाव तिथंच संपलं. माझ्यामागे रांगेत उभी असलेली मुलगी त्याच हिशेबानं इचलकरंजी झाली. तिचं खरं नाव क्षितिजा. आखनलाच एका संस्थेत बॅटऱ्यांवर पीएचडी करत होती. बोलायची कमी, आणि बोललीच तर समोरच्याचं वाक्य संपल्याची खात्री करून.

दादा स्वतः फलटणचे, भास्कर रणवरे. वय एक्कावन्न, जर्मनीत बावीस वर्षं. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि वर आभार मिळवायचे, अशी नोकरी फक्त सासऱ्यांना असते असा माझा समज होता. घरी शैलावहिनी आणि दरवर्षी सहा महिने राहायला येणाऱ्या दादांच्या आई, सरलाआजी. दादा-वहिनींना मूल नाही. मंडळातले विद्यार्थी मात्र त्यांच्याकडे मूल असल्यासारखेच जेवतात.

तर दादांची सहल. संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी, एक दिवसाची, झाउअरलांडच्या डोंगरात, स्कीइंगला. बायर्नकडची, म्हणजे आल्प्सच्या बाजूची, माणसं या डोंगरांना डोंगर म्हणत नाहीत. मीही पहिल्यांदा हसलो होतो. आमच्याकडचा कन्नडचा घाट पाहिलेल्याला आठशे मीटरचं काय कौतुक? मग ते बूट पायात चढवले, खाली दोन फळ्या अडकवल्या, आणि कौतुक आपोआप वाटायला लागलं.

नवशिक्यांना दादाच शिकवत. मरून रंगाची कानटोपी, तिच्यावर हेल्मेट, आणि एकच मंत्र. स्कीची टोकं आत, टाचा बाहेर, म्हणजे वेग मोडतो. जर्मन शिक्षक याला बर्फाचा नांगर म्हणतात. दादांना एवढंच पुरे होतं. "नांगर धरा!" असा त्यांचा आवाज अख्ख्या उतारावर घुमायचा. "ए चाळीसगाव, नांगर धर, बैलागत धावू नको." आजूबाजूची जर्मन पोरं वळून बघायची. नऊ वर्षांत दादांनी दोनअडीचशे मराठी माणसं त्या उतारावरून नांगरत खाली आणली होती. वळायला मात्र ते कुणाला शिकवू शकले नाहीत, कारण त्यांना स्वतःलाच वळता येत नव्हतं.

पण त्यांचा खरा अभिमान होता तो मोजणीचा. नऊ सहली झाल्या, कुणी मागे राहिलं नाही. पहिल्या वर्षी ते बसमध्ये बोट दाखवत एक, दोन, तीन करायला लागले, तेव्हा सरलाआजींनी त्यांचा हात खाली केला. "माणसं मोजू नयेत अशी. नजर लागते. मेंढरं आहेत का?" आईपुढे दादांचं काही चालत नाही. त्यांनी टेस्टरचं डोकं लावलं. संक्रांत होतीच. शैलावहिनींनी जितकी माणसं तितके तिळाचे लाडू मोजून डब्यात भरायचे. जाताना एक डबा, येताना दुसरा. दादा बसच्या दारात उभे. चढेल त्याच्या हातावर एक लाडू. शेवटचा त्यांचा स्वतःचा. डबा रिकामा झाला की तो पालथा करून ड्रायव्हरला दाखवायचा, मग बस सुटायची. लाडू मोजलेले चालतात, माणसं तेवढी मोजलेली चालत नाहीत. आजीही खूश. आणि वहिनींचा लाडू इतका कडक असे की तो तोंडात असताना तासभर कुणी भांडत नसे.

गेल्या वर्षी आम्ही शेहेचाळीस जण होतो. निम्म्याहून जास्त फॅमिल्या. उरलेले आम्ही, म्हणजे 'स्टुडंट्स', ज्यात तेहतीस वर्षांचे पीएचडीवालेही येतात. फॅमिलीतल्या माणसाची कुणीतरी चौकशी करतं: याची टोपी कुठे, हिनं खाल्लं का. स्टुडंटची करत नाहीत, तो आपला आपण असतो. क्षितिजा तर त्यातही एकटी आली होती.

सकाळी ती माझ्या शेजारी बसली होती. वळणं सुरू झाली तशी तिला मळमळायला लागलं. बॅग सीटवरच ठेवून ती पुढे सरलाआजींजवळ जाऊन बसली. आजींनी तिला आवळासुपारी दिली.

डोंगरावर ती दिवसभर पडत होती. पडायची, उठायची, बर्फ झटकायची, पुन्हा पडायची. दुपारी तीनच्या सुमाराला एकदम तिचा नांगर लागला. एकदा खाली आली, दुसऱ्यांदा आली, आणि मी तिला पहिल्यांदा मोठ्यानं हसताना पाहिलं. "इचलकरंजी पास!" दादा खालून ओरडले. सव्वाचारला मी बूट परत द्यायला निघालो तेव्हा ती म्हणाली, "एकदाच वर जाऊन येते. लिफ्ट साडेचारला बंद होते ना?" वरून धुकं उतरायला लागलं होतं. मी म्हटलं, "जा, जा. पुढच्या वर्षी कुठला आलाय हा दिवस." काय बोललो ते नीट आठवतं मला.

पावणेपाचला पार्किंगमध्ये गोंधळ होता. बारीक बर्फ तिरका मारत होता, एक बाळ रडत होतं, आणि सामान लवकर भरावं म्हणून ड्रायव्हरनं बसचं मधलं दारही उघडलं होतं, जे एरवी बंद असे. पुढच्या दारात दादा डबा घेऊन उभे. मी पायरीवर चढलो. तिथून माझी सीट दिसत होती, तिच्या शेजारी क्षितिजाची निळी बॅग.

दादांनी लाडू ठेवला हातावर. मी म्हटलं, "क्षितिजाचा पण द्या. ती मधल्या दारानं चढलीये बहुतेक."

प्रसाद वाटताना आपण करतो तेच केलं मी. जो समोर नाही त्याचाही मागून घ्यायचा, त्याला मिळायचा राहू नये म्हणून. चाळीसगावला मी पूजेहून घरी येताना कायम चार-चार जणांचे द्रोण आणलेत. दादांचा हात डब्यात क्षणभर थांबला. मग त्यांनी दुसरा लाडू दिला. माझ्यामागे कुमार बेडेकर दोन पोरं आणि चार बूट घेऊन भिजत उभे होते. "चला ओ पुढं," ते म्हणाले, आणि मी पुढे गेलो.

पाच मिनिटांत डबा पालथा झाला. बस सुटली.

शेजारची सीट रिकामी होती, पण सकाळीही ती पुढेच बसली होती. पुढे आजींना वाटलं, पोर दमून मागे झोपली असेल. मी क्षितिजाचा लाडू कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि झोपलो.

जाग आली ती वळणांनी. सव्वापाच वाजून गेले होते, बाहेर काळोख. तिला पुन्हा मळमळत असेल, गोड खाल्लं तर बरं वाटेल, असा दयाळू विचार करून मी पुढे गेलो. आजींच्या शेजारी आजींची पिशवी होती.

"आजी, क्षितिजा?"

"तुझ्याजवळ आहे ना ती?"

मी एकेक रांग बघत मागे गेलो. पुन्हा पुढे आलो. टॉयलेटचं दार उघडलं. मग दादांजवळ जाऊन वाकलो आणि हळूच सांगितलं. आवाज का बारीक केला होता कुणास ठाऊक. लपण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दादा माझ्याकडे बघत राहिले. मग रिकाम्या डब्याकडे बघितलं. उठून ड्रायव्हरशी दोन वाक्यं बोलले. ड्रायव्हर साठीचा, मिशीवाला, दिवसभर कुणाशी न बोललेला माणूस. त्यानं आरशात एकदा मागे बघितलं आणि पुढच्या फाट्यावर बस वळवली. तोवर दादांनी एकशेबारा लावला होता. त्यांनी मला तिचा नंबर लावायला सांगितला. लावला. बंद. थंडीत फोनची बॅटरी मरते, हे तिनंच मला एकदा तासभर समजावून सांगितलं होतं. तिचा विषयच तो.

बस वळल्याचं कळल्यावर आतली झोप उडाली. कुमार पुढे आले. वाईट माणूस नाही, बॉनला मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे, पण मीटिंगमध्ये बोलतात तसंच घरीही बोलत असावा. "आल्झो, तर भास्कर, एक मिनिट. ती ॲडल्ट आहे. कदाचित खाली कॅफेत बसली असेल. ट्रेननं येईल. आपण पोरांना घेऊन या बर्फात परत—"

"कुमार, बस," दादा म्हणाले.

ते रागानं म्हणाले की नुसतं खाली बसायला सांगितलं, कळलं नाही. कुमार बसले.

पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. कॅफे बंद. लिफ्टच्या खुर्च्या काळोखात ओळीनं लटकत होत्या. बेर्गवाख्तची, म्हणजे डोंगरावर बचावाचं काम करणारी, लाल जॅकेटमधली माणसं आधीच आली होती. त्यांच्यातला एक वही काढून दादांसमोर उभा राहिला. मी शेजारी होतो.

"नाव?"

"इचल—" दादा म्हणाले, आणि थांबले.

त्यांना नाव आठवेना. वर्षभर ज्या मुलीला जेवायला घातलं, तिचं नाव आठवेना. मी सांगितलं, क्षितिजा. आडनाव विचारलं. मलाही आठवेना. दादांनी बॅगेतली यादी काढली, हेडलाइटच्या उजेडात धरली, बोटानं शोधलं. मगदूम. क्षितिजा अनंत मगदूम.

"जॅकेटचा रंग?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. बॅग निळी होती. बॅग मी सांगू शकलो असतो.

"ग्रुप पूर्ण असल्याची खात्री शेवटची कधी केली?"

"पावणेपाचला."

"कशी? कसं मोजलंत?"

दादांचं जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. त्यांनी शांतपणे, एकही शब्द न चुकता सांगितलं की आम्ही प्रत्येकाला दारात एक गोड पदार्थ देतो, जितकी माणसं तितके नग, आणि डबा रिकामा झाला की ग्रुप पूर्ण. त्या माणसानं लिहिणं थांबवलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "आणि डबा रिकामा झाला होता?"

"गेनाऊ, बरोबर," दादा म्हणाले. "रिकामा झाला होता."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. दोन गाड्या वर गेल्या आणि आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. उणे सहा होतं. वर झाडांत दिवे हलायचे, दिसेनासे व्हायचे. मला वाटलं, मीच बोलायला हवं.

"दादा, तिचा लाडू मी घेतला."

"माहितीये. मीच दिला ना."

"मला वाटलं—"

"तू 'बहुतेक' म्हणालास." ते अजून वरच बघत होते. "ऑफिसात कुणी बहुतेक म्हटलं की मी काम थांबवतो. बावीस वर्षं थांबवतोय. लोक वैतागतात, तरी थांबवतो. तिथं फार फार तर काय होतं, एखादं बिल चुकीचं छापलं जातं."

खिशातला लाडू हाताला लागत होता. मी हात बाहेर काढला.

बसच्या दारात कुमार उतरून आले होते. आता त्यांचा आवाज मीटिंगचा नव्हता. "भास्कर, सापडेल ती. आणि सापडली की तिला सांगू, आपण थांबलो होतो म्हणून. उगाच मनाला लागायला नको पोरीच्या. काय?"



पावणेसात वाजता बेर्गवाख्तच्या माणसाच्या वॉकीटॉकीवर आवाज आला. ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सापडली होती. धुक्यात वरून चुकीच्या बाजूला वळली, म्हणजे वळता न आल्यामुळे सरळ गेली, आणि उतरत उतरत जंगलात शिरली. एका चरात पडून गुडघा पिरगळला, एक स्की गेली. रांगत रांगत ती हरणांना वाळलेलं गवत घालायच्या एका शेडपर्यंत पोचली आणि त्या गवतात शिरून बसली. दीड तास.

त्यांनी तिला पार्किंगमध्ये आणलं तेव्हा अँब्युलन्स उभी होती. सोनेरी चकचकीत कागदात गुंडाळलेली, ओठ निळे. जॅकेट हिरवं होतं. तिची नजर आमच्यावरून घसरून मागे बसवर गेली. बसमध्ये दिवे लागलेले, प्रत्येक खिडकीत चेहरा.

"थांबला होतात?" तिनं विचारलं. आवाज जेमतेम येत होता, पण त्यात काहीतरी होतं, जवळजवळ आनंदच म्हणावा असं. "मला वाटलं निघून गेला असाल."

कुमार दादांच्या शेजारीच होते. मीही होतो. 'हो' एवढं एक अक्षर, मी ते म्हणूनही टाकलं असतं.

"नाही थांबलो," दादा म्हणाले. "निघालो होतो. अर्ध्या तासाच्या वाटेवर गेलो होतो. तू नाहीस हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग परत आलो."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"माझी बॅग आहे का बसमध्ये?"

मी धावत जाऊन बॅग आणली. सरलाआजी माझ्यामागून उतरल्या, बर्फात मोज्यांवर चपला घालून, आणि अंगावरची शाल त्या सोनेरी कागदावर घट्ट गुंडाळली. अँब्युलन्सचं दार लागल्यावर त्या लेकाकडे वळल्या. "इथून पुढं मोजत जा," म्हणाल्या. "नाव घेऊन मोज. लागली नजर तर लागू दे."

क्षितिजाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने कुबड्या. इचलकरंजीला तिनं सायकलवरून पडले म्हणून कळवलं. दादा दर रविवारी ड्युसेलडॉर्फहून तासभर गाडी चालवत आखनला डबा घेऊन यायचे. ती दार उघडायची, थँक्यू म्हणायची, डबा घ्यायची. आत या म्हणायची नाही. मला एकदा म्हणाली, "त्यांना सांग, नका येऊ. मला दर रविवारी ते शेड आठवतं." मी सांगितलं. पुढच्या रविवारी ते माझ्याकडे आले आणि डबा माझ्या हातात दिला. "तू नेऊन दे. माझं नाव नको घेऊ." ती काही खुळी नव्हती, वहिनींची आमटी ओळखायची. पण डबा धुऊन परत द्यायची.

माझ्यावर ती कधी चिडली नाही. लाडवाचं मी तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "मीही घेतला असता तुझा." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

या वर्षी सहल होणार नाही असं सगळे धरून चाललो होतो. डिसेंबरात दादांचा फॉर्म आला. पूर्ण नाव, जॅकेटचा रंग, घरच्या माणसाचा नंबर, शेजारी कोण बसणार त्याचं नाव. मी ग्रुपवर लिहिलं की व्हिसाला सुद्धा एवढं विचारत नाहीत. कुणी हसलं नाही. अडतीस जण आले. मी दिवसभर स्कीला हात लावला नाही. दादांनी लावला, पण नवशिक्यांपाशी "नांगर" शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. त्यांनी जर्मन शिक्षक लावला होता, वळायला शिकवणारा.

साडेचारला सगळे बसमध्ये. मधलं दार बंद. लाडू होते, पण ते सरलाआजी मागून वाटत होत्या, मोजदाद नाही, हवे तितके घ्या. दादा पुढे कागद आणि पेन्सिल घेऊन उभे. एकेक नाव वाचत होते, बापाच्या नावासकट, आडनावासकट, आणि प्रत्येकाकडे बघून, तो हात वर करेपर्यंत थांबून खूण करत होते. "मयुरेश प्रल्हाद देवरे." मी हात वर केला. वर्गात करतात तसा. दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं, आणि मला चाळीसगावची आठवण आली.

अडतीस नावं झाली. कागदाच्या तळाशी पेन्सिलीनं आणखी एक लिहिलेलं होतं.

"क्षितिजा अनंत मगदूम."

कुमारांनी पोराच्या हातातला मोबाईल बंद केला.

"दादा, ती आलेलीच नाही," मी म्हटलं. "सकाळीही नव्हती."

"कुठंय?"

"आखनला. घरी."

"नक्की?"

"हो, म्हणजे बहु—"

दादा माझ्याकडे बघत राहिले. ड्रायव्हर, तोच मिशीवाला, त्यानं इंजिन बंद केलं.

मी फोन लावला. स्पीकरवर टाकला. सहा रिंगा झाल्या.

"काय रे?"

"कुठंयस?"

"घरी. का?" मागे कुकरची शिट्टी झाली. मग आज सहलीचा शनिवार असल्याचं तिला आठवलं असावं, कारण गॅस बंद केल्याचा आवाज आला. मी फोन दादांसमोर धरला. त्यांनी घेतला नाही. नुसते कान देऊन उभे राहिले.

"मी घरी आहे, दादा," ती म्हणाली. "निघा तुम्ही."

दादांनी नावापुढे खूण केली, कागदाची घडी घातली आणि ड्रायव्हरकडे बघून मान हलवली.